डाव्या मूत्रपिंडातली टकळी

पाणी सुमननं प्यायचं होतं. प्यायलो मी.

सुमन म्हणजे माझी बायको. पाळीच्या तक्रारी ती वर्षभर अंगावर काढत होती. शेवटी गावातल्या डॉक्टरीणबाईंनी "पिशवीला गाठबिठ आहे का ते एकदा बघून घ्या" म्हणून चिठ्ठी दिली आणि आम्ही दौंडच्या एका सोनोग्राफी सेंटरवर जाऊन बसलो. गाठ हा शब्द कानावर पडल्यापासून मला चैन नव्हतं. जिच्या पोटात गाठ असायची शक्यता होती ती मात्र सकाळी भाकरी थापून, गाईंचं शेण काढून, केसाला तेल लावून आली होती.

काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, पोटभर पाणी प्या, लघवी रोखून धरा, नंबर आला की बोलावते. मी बाहेरून दोन मोठ्या बाटल्या आणल्या. बाटल्या हातात धरून सुमनच्या शेजारी बसलो. आतून एकेक बाई बाहेर यायची. कुणी हसत, कुणी डोळ्याला पदर लावून. मी प्रत्येकीचा चेहरा वाचत होतो आणि चेहरा वाचता वाचता एकेक घोट घेत होतो. बाटली कुणासाठी आणली आहे याचं भानच राहिलं नाही. नंबर पुकारला तेव्हा सुमनच्या पोटात जेमतेम पेलाभर पाणी होतं आणि मला खुर्चीतून उठणं अवघड झालं होतं.

"बाटल्या कुठं गेल्या?"

मी रिकाम्या बाटल्या पायानं खुर्चीखाली सरकवल्या.

"दोन्ही?"

"घशाला कोरड पडली होती गं."

"तपासणी माझी, आन् कोरड तुमच्या घशाला!"

शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सुमननं तिसरी बाटली स्वतः आणली आणि माझ्यापासून लांब, भिंतीकडच्या कडेला ठेवली. आतले डॉक्टर तरुण आणि मोकळे होते. त्यांना सगळा प्रकार कळल्यावर ते बाहेर येऊन म्हणाले, "काका, काकूंचं पोट भरेपर्यंत वेळ आहे. तुम्ही इतकं पाणी प्यायलाच आहात, तर या, तुमचंच बघून टाकू. काही त्रास?"

डाव्या कुशीत कधीमधी दुखायचं. मूतखडा असेल असं मीच ठरवून टाकलं होतं. म्हटलं, बघा. टेबलावर झोपताना मी हसत होतो. डॉक्टरही हसत होते. पोटावर गार जेली लागली आणि ते म्हणाले, "काका, टाकी फुल्ल आहे." मग त्यांचा हात कुशीकडं सरकला, एका जागी थांबला, आणि त्यानंतर ते हसले नाहीत.

"लघवीतून लाल गेलं होतं का कधी?"

"न्हाई."

"वजन उतरलंय?"

"उतरलं असतं तर घरात पेढे वाटले असते," मी म्हणालो.

यावर कुणीही हसलं असतं. ते पडद्याकडं बघत राहिले. माझ्या विनोदावर डॉक्टर हसेनासा होतो तेव्हा काय समजायचं, हे मी त्या दिवशी शिकलो.

सुमनच्या पिशवीत काळजीचं काही निघालं नाही. तिची गाठ शोधायला आलो होतो, माझी घेऊन परत निघालो.

घरी काय सांगायचं

आमचं घर मांडवगण फराट्याच्या शिवारात, भीमेच्या अलीकडं. आज्याच्या काळापर्यंत आम्ही मेंढरामागं हिंडणारी माणसं. वडलांनी मेंढरं विकून जमीन केली. आता ऊस आहे, दोन गाई आहेत आणि मी रांजणगावला कंपनीत शिफ्ट करतो. मेंढरांतलं घरात एकच उरलंय, आईची सूत कातायची टकळी. चुलतभावांकडं अजून कळप आहे. कातरणी झाली की ते पोतंभर लोकर आणून टाकतात. आई ओट्यावर बसून पिंजते, कातते. तोंड चालू, हात चालू. वर्षादोनवर्षात एका घोंगडीपुरतं सूत होतं. डोळ्यांना नीट दिसत नाही, पण धागा तुटला तर बोटाला कळतं.

आईला सांगितलं, मूतखडा आहे, पुण्याला जाऊन काढायचाय.

आईनं टकळी मांडीवर टेकवली. "मूतखड्याला सूनबाई रडती व्हय रं?"

सुमन गोठ्यात होती. मी तिला रडताना बघितलं नव्हतं. आईला दिसत नाही म्हणतात ते खरं नसावं.

हे सगळं का लिहितोय ते सांगतो. मला जो प्रकार निघाला तो फार थोड्या लोकांना होतो. त्यामुळं बोलायला माणूस सापडत नाही. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्याला विचारलं तर त्याचा आजार निराळा, औषध निराळं. मी कितीतरी दिवस शोधत होतो की कुणीतरी म्हणेल, हां, मलाही हेच होतं. कुणी भेटलं नाही. उद्या कुणी शोधत असेल तर त्याला निदान मी सापडावा. मी डॉक्टर नाही. आजाराची माहिती डॉक्टरांकडूनच घ्या. मी फक्त आमची कशी धांदल उडाली तेवढं सांगू शकतो.

काढल्यावर कळेल

पुण्यात सीटी स्कॅन झाला. सर्जन शांत माणूस. फिल्म उजेडाला लावून म्हणाले, "गाठ डाव्या मूत्रपिंडाच्या मधोमध आहे. नुसती गाठ काढता येणार नाही. अख्खं मूत्रपिंड काढावं लागेल. दुसरं चांगलं आहे, त्याच्यावर माणूस व्यवस्थित जगतो."

"कॅन्सर हाय का?" सुमननं सरळ विचारलं. मी तो शब्द टाळण्यासाठी मघापासून बाराखडीतली बाकीची सगळी अक्षरं वापरत होतो.

"बहुतेक. पण कुठल्या जातीचा, ते काढल्यावर कळेल."

काढल्यावर कळेल. पुढचे कितीतरी आठवडे आमच्या घरात हे एकच वाक्य फिरत होतं. उसाला पाणी द्यायचं का? काढल्यावर बघू. लेकीला नोकरीवरून सुट्टी काढून बोलवायचं का? काढल्यावर बघू. आपल्या पोटात काय आहे ते आपल्याला कळत नाही, डॉक्टरला बाहेरून कळत नाही, आणि कळून घ्यायचं तर आधी तो अवयव देऊन टाकायचा. मला हा व्यवहार पटला नाही. पण पटवून घ्यायला कुणी विचारतही नव्हतं.

ऑपरेशनला निघताना आईनं घोंगडी बांधून दिली. "खाली आंथर. दवाखान्याची गादी गार असती." वॉर्डातल्या सिस्टरनं घोंगडी बघितली आणि हात जोडले. "काका, इथं चालत नाही हो. इन्फेक्शन होतं." सुमननं वाद घातला नाही. घोंगडीची घडी करून स्टुलावर टाकली आणि तिच्यावर स्वतः बसली. जितके दिवस आम्ही तिथं होतो तितके दिवस ती घोंगडी तिच्या खाली होती. घरी फोनवर मात्र आईला सांगायची, "व्हय आत्या, खालीच हाय."

खोटंही नव्हतं.

स्ट्रेचरवरून आत नेताना माणसाला छत तेवढं दिसतं. ट्यूबलाइट जाते, मग पंखा, मग परत ट्यूबलाइट. सुमन बाजूनं चालत होती. माझ्या चपला तिच्या हातात. दारापाशी तिला थांबवलं. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "चपला हरवू नकोस." ती म्हणाली, "न्हाई हरवत." एवढ्या वर्षांच्या संसारानंतर आमचा निरोप हा असा चपलांवर उरकला.

एकच प्रश्न

ऑपरेशननंतर दवाखान्यात दिवस कसा जातो हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. सकाळी अंधुक उजेडात कुणीतरी येऊन बीपी बघतं. मग फरशी पुसणाऱ्या मावशी पलंगाला बादलीचा धक्का देतात आणि टाक्यांतून कळ थेट डोक्यात जाते. मग मोठे डॉक्टर, त्यांच्यामागं छोटे डॉक्टर, त्यांच्यामागं सिस्टर. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "गॅस पास झाला का?"

पन्नाशी ओलांडलेला माणूस. भावकीत चार गोष्टी सांगून लोकांना बसवून ठेवणारा. लग्नात, जागरणात "भिवाला बोलवा" असं म्हणतात. आणि इथं त्याची किंमत फक्त एका गोष्टीवर. तिसऱ्या सकाळी ती गोष्ट झाली. सुमननं वॉर्डाच्या दाराकडं धावत जाऊन सिस्टरला सांगितलं, मग आईला फोन केला, मग खुटबावला तिच्या माहेरी. पलीकडून माझा मेव्हणा रामदास ओरडला, "अभिनंदन दाजी!" मुलगा झाल्याची बातमी असावी तसं सगळं चाललं होतं.

रामदासबद्दल सांगायचं राहिलं. ऑपरेशन संपल्यावर डॉक्टर काढलेला अवयव नातेवाइकांना दाखवतात. सुमन नको म्हणाली, रामदास पुढं झाला. खुटबावचा गडी, शेळ्यामेंढ्यांचा व्यापार करतो. बोकड कापला की गुर्दा, म्हणजे त्याचं मूत्रपिंड, पाहुण्याच्या ताटात वाढायचा ही त्यांच्याकडची रीत. जावई म्हणून मी इतकी वर्षं तो खात आलोय आणि माझ्या नावानं रामदासही हात मारून घेतो. त्यानं डॉक्टरांच्या हातातल्या ट्रेमध्ये बघितलं, "बरं" म्हणाला, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला. त्यानंतर त्याच्या घरी बोकड कापला गेला आहे, पण गुर्दा कुणाच्या ताटात गेला ते मला माहीत नाही. आमच्या दोघांच्या नाही.

दोन्हीकडं निमुळत्या

रिपोर्ट यायला वेळ लागला. टाके काढायला गेलो तेव्हा तो आला होता. सर्जननी आम्हाला बसवलं आणि कोऱ्या कागदावर चित्र काढायला घेतलं.

"तुमच्या गाठीत दोन तऱ्हेच्या पेशी दिसल्यात. काही बारीक नळ्यांसारख्या रचलेल्या. आणि काही अशा लांबट, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या. इंग्रजीत स्पिंडल म्हणतात. मराठीत..."

"टकळी," सुमन म्हणाली. "सूत गुंडाळलेली."

"हां, टकळी. तर अडचण अशी आहे. या टकळीसारख्या पेशी दोन प्रकारात दिसतात. एक प्रकार असा, की साधा कॅन्सर बिघडतो, पेशी आपला आकार सोडतात आणि अशा लांबट होतात. तो फार वेगानं पसरतो. दुसरा प्रकार दुर्मीळ आहे. त्यात या पेशी पहिल्यापासूनच अशा असतात, आणि त्यांच्यामध्ये बुळबुळीत चिकट द्राव असतो. तो बहुतेक वेळा सौम्य वागतो. काढला की बरेचदा तिथंच संपतो."

"मग आमचा कुठला?"

"आमच्या पॅथॉलॉजिस्टना खात्री नाही. मेणात जपलेले तुकडे मोठ्या लॅबला पाठवू. वेगवेगळे रंग देऊन बघतील."

"आन् वाईटवाला निघाला तर?"

डॉक्टर कागदावरच्या चित्राकडं बघत होते. "तर आपल्या हातात फार काही नसेल."

मी त्या चित्राकडं बघत होतो. निळ्या पेनानं काढलेल्या तीनचार टकळ्या. तोच आकार जगवणार, तोच मारणार. बाहेरून बघून तज्ज्ञालाही ओळखू येत नव्हतं, मी कोण लागून गेलो? घाबरायचं तरी किती, याचंही माप मिळेना.

माझी दुसरी चूक

पहिली चूक पाण्याची. दुसरी घरी येऊन केली.

आई ओट्यावर बसली होती. हातात टकळी. आता तिच्यापासून लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मला सवय अशी की कितीही जड गोष्ट असली तरी ती रंगवून सांगायची. मी तिच्या हातातली टकळी घेतली आणि म्हणालो, "आई, डॉक्टरला माझ्या पोटात काय सापडलं ठाऊक हाय का? ही. अशाच बारीक बारीक टकळ्या. दोन्हीकडं निमुळत्या. तू भाईर कातती, मी आतून कातत व्हतो."

मला वाटलं, हसेल. तिनं टकळी माझ्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर टकळी नव्हती. लोकरीचं पोतंही नव्हतं. आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. ते हात रिकामे मी जन्मात बघितले नव्हते.

काय झालं ते तिनं मला सांगितलं नाही, सुमनला सांगितलं. मी पोटात असताना आईच्या सासूनं तिला बजावलं होतं, पोटुशीनं टकळी फिरवू नये. पण घोंगडीचं सूत अर्ध्यात होतं, बाळ जन्मायच्या आत घोंगडी हवी होती. आईनं आडोशाला बसून कातलं. इतक्या वर्षांत विसरूनही गेली होती. आणि परवा लेकानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, डॉक्टरला आत टकळ्या सापडल्या.

मी तिच्यापुढं बसलो. समजावलं. पेशी म्हणजे काय, आकार म्हणजे काय, डॉक्टरांनी नुसती उपमा दिली. लेकीनं फोनवरून समजावलं. जखम बघायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आई सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणाली.

"मग कात की, आई."

"डोळ्याला दिसत न्हाई रं आताशा."

माझ्या पोटातली गाठ निदान कुणी काढून तरी दिली. ही कशी काढायची?

बर्फाचा डबा

मेणातले तुकडे पुण्यातल्याच दुसऱ्या लॅबला पोचवायचे होते. ते काम नातेवाइकांनीच करायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. रामदास म्हणाला, मी नेतो. एप्रिलचं ऊन. मेण म्हटल्यावर त्याला घोर लागला. तो खुटबावहून येतानाच मेंढ्यांच्या लशीचा बर्फाचा डबा घेऊन आला, तुकडे त्यात ठेवले आणि डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसला. लॅबमधल्या बाईंनी झाकण उघडलं आणि आत हात घातला.

"अहो, याला बर्फ लागत नाही. खिशात आणलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं असतं ओ मॅडम," रामदास म्हणाला. "पण दाजींचं हाय. वितळून गेलं तर आम्ही परत कुठनं आणायचं?"

ही गोष्ट त्यानंच फोनवर सांगितली. मी इतका हसलो की व्रणावर हात दाबून धरावा लागला. हसून झाल्यावर दिसलं, सुमन हसत नव्हती.

"तुम्हाला समद्यात इनोदच दिसतो," ती म्हणाली.

"मग काय रडत बसू?"

"बसा की एकदा. तुम्ही आल्यागेल्याला हसवता. लोकं म्हणत्यात, काय धीराचा माणूस हाय. मग मी रडायचं कुठं? गोठ्यात?"

तिनं माझ्या पाण्याचा तांब्या भरून ठेवला. एका मूत्रपिंडावर किती पाणी प्यायचं ते तिनं डॉक्टरांकडून समजून घेतलं होतं आणि ती ते पाळून घेत होती. मीठ कमी, पापड बंद, लोणच्याची बरणी माझा हात पोचणार नाही अशा फळीवर. त्या आठवड्यात आम्ही लोणच्यावरून भांडलो, गाईच्या चाऱ्यावरून भांडलो, पंखा चालू ठेवायचा का बंद यावरून भांडलो. ज्या गोष्टीवरून दोघांना ओरडायचं होतं ती लॅबमध्ये होती.

कुणाच्या घरी असं चाललं असेल तर एवढंच सांगतो. भांडण लोणच्याचं नसतं. लोणच्याच्या बाजूनं फार जोर लावू नका.

निकाल

दुर्मीळवाला निघाला. सौम्य.

सर्जननी सांगितलं तेव्हा मला आनंद झाला असं लिहायला पाहिजे. खरं सांगायचं तर मला काहीच झालं नाही. कान भरून आल्यासारखं झालं. सुमननं खुर्चीची कड धरली होती ती सोडली.

"म्हंजी बरं झालं का आता?"

"बहुतेक वेळा होतं. पण मी शंभर टक्के म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "हा प्रकार इतका थोड्या लोकांत दिसतो, की पक्कं सांगायला आमच्याकडं पुरेसे पेशंटच नाहीत. काही थोड्या जणांत नंतर पसरल्याचंही दिसलंय. पुढचं औषध द्यायची आत्ता गरज नाही. सहा महिन्यांनी स्कॅन करू. मग परत सहा महिन्यांनी."

"तवर आम्ही काय करायचं?"

"नेहमीसारखं राहायचं."

आम्ही दोघंही वाट बघत होतो की ते आणखी काहीतरी सांगतील. गोळी, पथ्य, व्यायाम, काहीही. करायला काही दिलं की माणूस तगतो. नेहमीसारखं राहायचं, यात करायचं काय?

उठता उठता ते सहज म्हणाले, "तसं बघितलं तर तुम्ही अपवादच. हा प्रकार बायकांत जास्त दिसतो."

घरी येऊन मी आईपुढं बसलो. या वेळी रंगवलं नाही. "आई, चांगल्या टकळ्या निघाल्या. वाईट न्हाईत."

आईनं माझ्या कुशीवरून, सदऱ्यावरूनच, हात फिरवला. जिथं व्रण आहे तिथं तिची बोटं बरोबर थांबली.

"चांगली का वाईट," ती म्हणाली, "टकळी पोटात कशाला पायजे, लेकरा?"

टकळी माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहे. चुलतभावांनी या वर्षी लोकर आणली, आईनं ती दारातूनच शेजारच्या म्हातारीला देऊन टाकली. अर्धं कातलेलं सूत अजून घरात आहे. त्याची घोंगडी होत नाही, आणि ते टाकून द्यायचंही कुणाच्या मनात येत नाही.

स्कॅनच्या दिवशी

परवा स्कॅन होता. दौंडवरून डेमू पकडून आम्ही दोघं पुण्याला गेलो. स्कॅनचे दिवस जवळ आले की मी गोष्टी सांगायचा बंद होतो. कुशीत जरा कळ आली तरी वाटतं, आली. खोकला आला तरी वाटतं, तीच. कंपनीतले लोक म्हणतात, तब्येत मस्त दिसते. आरशात मलाही मस्त दिसते. गाठ सापडली तेव्हाही मस्तच दिसत होती.

सेंटरवर पाणी प्यायला सांगितलं. बाटली सुमनच्या हातात होती. ती थोडं थोडं माझ्या पेल्यात ओतत होती आणि मी पीत होतो. तिनं स्वतः एक घोटही घेतला नाही. माझ्या पुढच्या बाकावर एक तरुण माणूस बायकोबरोबर बसला होता. तिच्या हातात चिठ्ठी, त्याच्या हातात बाटली. बाटली निम्मी झाली होती आणि ओठ त्याचे ओले होते. मी सुमनला कोपरानं खुणावलं. तिनं बघितलं आणि मान फिरवली.

रिपोर्ट दुपारी मिळाला. स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, छान, आता सहा महिन्यांनी. मी म्हणालो, या. जणू तेच आमच्याकडं येणार होते.

परतीच्या डेमूला गर्दी नव्हती. खिडकीतून ऊस जात होता, मधेच कांद्याचं रान. यवत गेलं. मला थोडा धीर आला होता आणि धीर आला की माझं तोंड सुटतं.

"डॉक्टर म्हणले ते आठवतं का? बायकांचा आजार हाय म्हणून. मला वाटतं, पाठवणाऱ्यानं तुझ्याच नावानं पाठवला व्हता. मी तुझं पाणी प्यालो, तसा हाही मधल्या मधी मीच घेतला."

खुटबाव आलं, तिचं माहेर. दरवेळी ती इथं खिडकीतून वाकून बघते, ओळखीचं कुणी फलाटावर दिसतं का. या वेळी वाकली नाही. गाडी हलली. तिनं पिशवीतून बाटली काढली, उरलेलं पाणी पहिल्यांदा स्वतः प्यायली, सगळं, आणि झाकण लावलं.

"बरं झालं, तुम्हाला झालं," ती म्हणाली. "माझी नुसती तपासणी व्हती, तर दोन बाटल्या पाणी पिऊन बसला व्हता. मला झालं असतं, तर तुमच्यानं बघवलं नसतं."